हनुवटीवरचा दीड सेंटिमीटर

दाढी करायची असते, तपासायची नसते, असं दशांशला त्याच्या बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत 'घरातून विरोध, सौम्य' अशी नोंद केली.

दशांश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तो कनिष्ठ विश्लेषक म्हणून लागला, त्या आठवड्यात कुणीतरी सहज किती वाजले म्हणून विचारलं. त्याने सांगितलं, "अकरा वाजून सोळा मिनिटं, पण माझं घड्याळ चाळीस सेकंद पुढे आहे." त्या दिवसापासून तो ऑफिसात दशांश झाला, आणि धाकट्या बहिणीला हे कळल्यावर घरीही. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं आणि तिथेही ते एका वेलांटीने चुकलेलं होतं.

तर झालं असं, की त्याने नवा रेझर घेतला. आधीचा रेझर हलका, प्लॅस्टिकचा, दुकानात टांगलेल्या माळेतून तोडून देतात तसला. नवा अख्खा पोलादी, दांड्याला नक्षी, वरचं झाकण फिरवून उघडायचं आणि आत एकच पातं बसवायचं. दुकानदार म्हणाला, "एकदा घ्या, नातवाला द्याल. दाढी इतकी चांगली होते की बघायला नको."

"चांगली म्हणजे किती चांगली?" दशांशने विचारलं.

दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाईकाकडे तोंड वळवलं.

दुसरा कोणी असता तर घरी येऊन त्याने दाढी केली असती आणि विषय संपवला असता. पण विज्ञानाच्या पदवीने माणसाला ज्या काही खोडी लागतात, त्यातली सगळ्यात चिवट खोड म्हणजे तुलना. नवा रेझर चांगला, पण कशापेक्षा? जुन्यापेक्षा म्हणावं, तर जुन्याने केलेली दाढी काल होती आणि आजची त्वचा कालची नव्हे. दशांशने रविवारची सगळी दुपार यावर घालवली आणि जेवायच्या टेबलावर योजना जाहीर केली. एकवीस दिवस, रोज सकाळी, डाव्या गालावर जुना रेझर आणि उजव्या गालावर नवा.

"आणि हनुवटी?" बहिणीने विचारलं.

"हनुवटीच्या मधोमध दीड सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सोडायचा. त्याला हात लावायचा नाही."

"का? त्याने काय केलंय?"

"तुलनेसाठी. काहीच केलं नाही तर काय होतं, हेही कळायला हवं ना."

"काहीच केलं नाही तर दाढी वाढते," बाबा म्हणाले. "हे मी तुला फुकट सांगितलं असतं."

आईने मात्र काळजीच्या सुरात विचारलं, "अरे, पण तुझं ते कायम व्हायचं याच महिन्यात आहे ना?" तिचं बरोबर होतं. महिन्याच्या सव्वीस तारखेला दशांशच्या प्रोबेशनचा निकाल लागायचा होता. काम चोख होतं, शेरे चांगले होते. अट एकच होती: वर्षभरात विनापरवानगी गैरहजेरी तीन दिवसांपर्यंत चालेल, चौथा दिवस पडला की प्रोबेशन आणखी एक वर्ष. ते वर्ष वाटतं तितकं साधं नसतं. त्याच प्रयोगशाळेत एकजण प्रोबेशनवर लागला तेव्हा त्याचे केस काळे होते. अकराव्या वर्षी पद रद्द झालं तेव्हा तो पूर्ण पांढरा होऊन घरी गेला. दशांशची मात्र वर्षभरात एकही गैरहजेरी नव्हती. म्हणून तो आईला म्हणाला, "दाढीचा आणि नोकरीचा काय संबंध?" हे वाक्य त्याने वहीत लिहिलं नाही, हे एक बरं झालं.

पहिल्या दिवशी नव्या रेझरने उजव्या गालावर चार ठिकाणी कापलं. डाव्या गालावर शून्य. दशांश समाधानाने ऑफिसला गेला, कारण फरक दिसू लागला होता. गालावर कागदाचे चार कपटे होते आणि मधोमध पट्टा होता, पण पट्टा अजून फक्त त्यालाच माहीत होता.

मोजमापाची पद्धत त्याने स्वतः बसवली होती. दाढीनंतर कापसाचा बोळा गालावरून एकदाच फिरवायचा आणि किती तंतू अडकले ते भिंगातून मोजायचे. शिवाय एका तटस्थ माणसाने डोळे बांधून दोन्ही गाल चाचपायचे आणि कुठला गुळगुळीत ते सांगायचं. तटस्थ माणूस म्हणून आईची नेमणूक झाली. रोज सकाळी कुकर लावून झाला की ती डोळ्यांवर पंचा बांधून घ्यायची आणि ओल्या हातांनी मुलाचे गाल चाचपायची.

"हा."

"नक्की?"

"अरे, दोन्ही तुझेच गाल आहेत. मला दोन्ही सारखेच."

"आई, असं म्हणायचं नसतं. एक निवडायचा."

"मग हा. आता सोड, दूध उतू जाईल."

चौथ्या दिवशी शेजारचे मोजणीदार काका वर्तमानपत्र मागायला आले. काकांनी बत्तीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण दोन वस्तूंमधली रेघ दिसली की त्यांचा हात आपोआप खिशातल्या फूटपट्टीकडे जायचा. त्यांनी दशांशच्या हनुवटीकडे बघितलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हद्द कोणी आखली?"

"मीच, काका."

"मोजून?"

"नजरेने."

काकांनी मान अशी हलवली, की जणू नोकरीच्या बत्तीस वर्षांतले सगळे तंटे असेच सुरू झाले असावेत. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी सातला पोलादी फूटपट्टी घेऊन हजर. दशांशला उत्तरेकडे तोंड करून बसवायचे, म्हणजे उजवा गाल पूर्व आणि डावा पश्चिम. मग जाहीर करायचे, "पूर्वेकडून अर्धा मिलिमीटर अतिक्रमण आहे. नवा रेझर हद्द ओलांडतो." आठवडाभरात त्यांनी हनुवटीचा एकास एक प्रमाणात नकाशा काढला. नकाशावर खालच्या ओठाजवळचा तीळ 'कायम खूण' म्हणून दाखवला होता.

एव्हाना पट्टा सगळ्यांना दिसू लागला होता. ऑफिसात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, हा पैज हरलाय. दुसऱ्याचं म्हणणं, हा त्वचेचा काहीतरी प्रकार असावा आणि डबा जरा लांब बसूनच खावा. कुणीही त्याला विचारलं नाही, आणि त्याला हेच जास्त लागलं, कारण सांगायची त्याची पूर्ण तयारी होती. मुख्य रसायनी साहेब एकदा टेबलाशी थांबले. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, मग काचेच्या नळीतल्या द्रावणाकडे बघितलं आणि म्हणाले, "चालू द्या." दोहोंपैकी काय चालू द्यायचं हे त्यांनी सांगितलं नाही.

नवव्या दिवशी, मंगळवारी, ऑफिसात चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र आलं.

आस्थापनेच्या बाई, म्हणजे सगळ्यांच्या रजा, बढत्या आणि हजेरी ज्यांच्या कपाटात राहतात त्या, यादी घेऊन दारात उभ्या होत्या. एकेकाला यंत्रासमोर उभं करत होत्या. दशांशचा नंबर आला तेव्हा तो अदबीने म्हणाला, "मॅडम, मला जरा दोन आठवड्यांची मुदत द्या. माझा चेहरा सध्या तात्पुरता आहे."

"सगळ्यांचाच असतो. उभे राहा."

"तसं नाही, हा पट्टा..."

"यंत्राचा माणूस आज आलाय. परत येईल तीन महिन्यांनी. तोवर काय बिनचेहऱ्याचे राहणार आहात? हनुवटी वर."

यंत्राने हिरवा दिवा लावला आणि एका प्रसन्न बाईच्या आवाजात 'स्वागत आहे' असं म्हटलं. त्याच दिवशी हजेरीचं जुनं पुस्तक दोरी बांधून कपाटावर टाकण्यात आलं.

पुढचे बारा दिवस निर्विघ्न गेले. यंत्र रोज स्वागत करत होतं, पट्टा रोज शून्य पूर्णांक चार मिलिमीटरने वाढत होता. एकविसावा दिवस रविवार होता. पट्टा आठ मिलिमीटर लांब झाला होता आणि तुलनेचं काम संपलं होतं. दशांशने दुपारी तो साफ केला, घरच्यांना बोलावलं आणि निष्कर्ष वाचून दाखवला. आईने एकवीसपैकी अकरा दिवस नवा रेझर निवडला होता आणि दहा दिवस जुना. कापसाचे तंतू जवळजवळ सारखेच. जखमा पहिल्या आठवड्यात नव्याच्या जास्त, नंतर दोन्हींच्या शून्य.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे खात्रीने काही सांगता येत नाही."

बाबांनी निष्कर्षाचा कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "तीन आठवडे माझ्या घरात शेजारी फूटपट्टी घेऊन येतोय. आणि खात्रीने काही सांगता येत नाही!"

सोमवारी दशांश स्वच्छ, गुळगुळीत, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच सबंध असलेला चेहरा घेऊन ऑफिसच्या दारात उभा राहिला. यंत्राने लाल दिवा लावला. "चेहरा ओळखता आला नाही."

त्याने चष्मा काढला. घातला. अर्धं पाऊल मागे गेला. मागे सातजणांची रांग झाली होती. त्यातला एक म्हणाला, "नाव सांगून बघ." दशांशने यंत्राला आपलं पूर्ण नाव सांगितलं. यंत्रावर काही परिणाम झाला नाही.

तो आस्थापनेच्या बाईंकडे गेला.

"यंत्र म्हणतंय तुम्ही आला नाहीत," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

"पण मी तुमच्यासमोर उभा आहे."

"मी कुठे नाही म्हणते? पण माझ्या म्हणण्याला आता किंमत नाही. पुस्तक होतं तेव्हा होती."

बाईंनी यंत्राच्या माणसाला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, यंत्र चेहऱ्यावरची सगळ्यात ठळक खूण धरतं आणि रोज थोडं थोडं शिकत जातं. म्हणजे दशांशच्या एकूण चेहऱ्यात यंत्राला लक्षात ठेवण्याजोगा वाटला तो फक्त पट्टा; नाक, डोळे, कपाळ हे त्याने सोडून दिलं होतं. सव्वीस वर्षांच्या चेहऱ्याबद्दल हे असं तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकणं सोपं नसतं. आईने तरी असं कधी म्हटलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून 'चेहरा तफावत अर्ज' होता. बाईंनी तो काढून दिला. त्यात दोन वाक्यं छापलेली होती आणि नको असलेलं खोडायचं होतं. एक, 'यंत्रातील चेहरा माझा नाही.' दोन, 'समोरील चेहरा माझा नाही.'

"मॅडम, दोन्ही माझे आहेत."

"तसा रकाना नाही. पहिलं ठेवलंत तर नऊ तारखेपासूनच्या सगळ्या हजेऱ्या रद्द. दुसरं ठेवलंत तर मग तुम्ही कोण, हा प्रश्न येतो. त्यासाठी मला चौकीदाराला बोलवावं लागेल."

दशांशने अर्जाची घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर पाण्याचे चौदा नमुने तपासले. कागदोपत्री ते कुणीच तपासले नव्हते.

मंगळवारी बहिणीने भुवया रेखायच्या पेन्सिलीने त्याच्या हनुवटीवर पट्टा काढून दिला, काकांच्या नकाशाबरहुकूम. यंत्र थोडा वेळ विचारात पडलं आणि म्हणालं, "कृपया चेहरा स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करा." बुधवारी काका स्वतः नकाशा घेऊन ऑफिसात आले. "हा अधिकृत नकाशा. ही कायम खूण. तीळ तोच, म्हणजे माणूस तोच," असं त्यांनी बाईंना ठणकावलं. बाईंनी नकाशा घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि फाईलला लावला. गैरहजेरी तीन दिवस झाली. आता गुरुवारचा एक लाल दिवा, की वर्ष गेलं.

बुधवारी संध्याकाळी बाबांनी मुलाच्या दंडाला धरलं आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नेलं. तिथला न्हावी बाबांची दाढी तीस वर्षं करत होता. दशांशने मात्र मिसरूड फुटल्यापासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ते न्हाव्याच्या मनात होतं, हे त्याच्या कात्रीच्या आवाजावरूनच कळत होतं.

"काय म्हणताय, बाबासाहेब? छोटे साहेब इकडे कसे? घरचा रेझर बोथट झाला का?"

"दाढी नाही करायची," दशांश म्हणाला. "थोडे केस हवे होते."

कात्री थांबली. "इथे लोक केस द्यायला येतात. मागायला आलेले तुम्ही पहिले."

"आठ मिलिमीटर लांब. काळे. सरळ."

न्हाव्याने सगळी हकीकत ऐकून घेतली. तो हसला नाही. त्याने दशांशची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली. "इकडे नवा चालवलात, होय ना? उलटा चालवलाय. आणि हात दाबून. इतक्या जड रेझरला दाबायचं नसतं, त्याचं त्याला पडू द्यायचं. तीन आठवडे मोजत बसलात ते काय मोजलंत? रेझर नाही मोजला, स्वतःचा हात मोजलात."

प्रयोगातली ही चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती, आणि न्हाव्याने ती बरोबर पकडली होती.

न्हावी तरुणपणी नाटकवाल्यांना मिशा बनवून द्यायचा. त्याने खालच्या खणातून जाळीदार कापडाचा तुकडा काढला, त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांतले केस निवडले आणि तासाभरात पट्टा तयार केला. "दुपारी आलेल्या वकिलांचे आहेत," तो म्हणाला. "टिकाऊ आहेत. गोंद अर्धा दिवस धरेल."

गुरुवारी सकाळी यंत्राने हिरवा दिवा लावला. "स्वागत आहे." शुक्रवारीही. दशांश आत जाऊन पट्टा काढायचा आणि काचेच्या चपट्या डबीत ठेवायचा. सवयीने त्याने डबीला चिठ्ठीही लावली: 'पट्टा, कृत्रिम.' सगळं सुरळीत झालं होतं. फक्त हातातल्या कामावर मन ठरत नव्हतं. गुरुवारी त्याने क्लोरीनचं एक साधं वाचन तीनदा घेतलं. तिन्ही वेळा एकच आकडा आला, तरी त्याला तो खोटा वाटत राहिला.

शुक्रवारी, सव्वीस तारखेला, अकरा वाजता साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. आस्थापनेच्या बाई फाईल घेऊन बसल्या होत्या. गैरहजेरी तीन, मर्यादेत. शेरे उत्तम. साहेबांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला. त्यावर एकच वाक्य होतं: 'या वर्षात माझ्याकडून झालेली प्रत्येक नोंद खरी आहे.'

दशांशने पेन उघडलं. झाकण मागे लावलं. पेन पुन्हा बंद केलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय दिला. पण त्याने खिशातून डबी काढली, टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. "साहेब, काल आणि आज यंत्रासमोर मी नव्हतो. म्हणजे मी होतो, पण हे लावून. ते दोन दिवस धरले तर गैरहजेरी पाच होते."

साहेबांनी डबी उचलली, चिठ्ठी वाचली, पट्टा उजेडात धरला.

"कुणाचे केस?"

"एका वकिलांचे."

"काल तुम्ही आला होतात?"

"हो साहेब."

"आज?"

"हो."

"यंत्र काय म्हणालं?"

"आलो म्हणून."

"मग यंत्राचं उत्तर बरोबर आहे," साहेब म्हणाले. "सोमवार, मंगळवार, बुधवार तुम्ही खऱ्या चेहऱ्याने आलात आणि उत्तर चुकीचं आलं. काल-आज खोट्या चेहऱ्याने आलात आणि उत्तर बरोबर आलं. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत आहे. सदोष पद्धतीने बरोबर उत्तर येतं तेव्हा उत्तर रद्द करत नाहीत. पद्धत सदोष होती असं खाली लिहितात. लिहा."

दशांशने लिहिलं, सही केली आणि मगच त्याच्या लक्षात आलं की आपण कायम झालो.

"आता हा पुढे लावायचा कसा?" बाईंनी डबीकडे बोट दाखवलं. "यंत्राचा माणूस यायला अजून अडीच महिने. रोज खोटा चेहरा लावून येणं नियमात बसत नाही. आणि न लावता आले तर गैरहजेरी."

"कार्यालयाची वस्तू म्हणून लावला तर बसतं का?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी क्षणभर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला आनंद म्हणणं धाडसाचं होईल, पण दुसरा शब्द नाही. त्यांनी खुर्च्या, कपाटं आणि तराजूंची नोंद असलेली जाड वही काढली आणि तराजूच्या खाली लिहिलं: 'पट्टा, हनुवटीचा, नग एक. स्थिती चांगली.' डबीवर अनुक्रमांक टाकला, ती आपल्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी दशांशने बाईंच्या टेबलाशी वहीत सही केली, पट्टा घेतला, लावला, यंत्राने स्वागत केलं, तो परत आला आणि पट्टा काढून दिला. बाईंनी तो पांढऱ्या कागदावर ठेवला आणि चष्म्यातून बराच वेळ बघत राहिल्या.

"दोन केस कमी दिसतायत," त्या म्हणाल्या.

दशांश भिंग घेऊन आला. त्याने कागदावर गळून पडलेले शोधले, आपल्या हनुवटीवर गोंदाला चिकटलेले चिमट्याने काढले, ओळीत मांडले आणि मोजले. तीन होते. त्याने वहीत 'तीन' असं लिहिलं आणि सही केली.